दुसऱ्या पिंपातली माती

पितृपक्षातल्या नवमीच्या सकाळी मी दुसऱ्या पिंपाचे झाकण उचलले, तेव्हा आतली माती चार बोटे खाली गेलेली होती.

खत बसते, हे मला कोणी शिकवायला नको. परंतु चौदा महिने मिटून ठेवलेले खत आठवड्याभरात चार बोटे बसत नाही, आणि बसलेच तरी एका अंगाने, वाटीने खरवडल्यासारखे बसत नाही. शिवाय झाकणावरचा दगड. त्याच्या एका बाजूला पांढरी शीर आहे आणि ती मी नेहमी पूर्वेला, विश्वामित्री नदीच्या दिशेला ठेवते. त्या सकाळी ती शेजारच्या लक्ष्मणराव खानविलकरांच्या कुंपणाकडे वळलेली होती. चाळीस वर्षे हस्तलिखिते ताडून पाहण्यात घालवलेल्या बाईला एवढे पुरते. कोणीतरी झाकण उघडले होते, काहीतरी नेले होते, आणि मग सारे जसेच्या तसे आहे असे भासवले होते. लबाड नकलनवीस नेमके हेच करतात आणि नेमके इथेच सापडतात.

कुत्रीच्या विष्ठेचे खत कोण चोरील, असा प्रश्न कोणालाही पडेल. मलाही पडला.

माझ्या कुत्रीचे नाव बखर. अकरा वर्षांपूर्वी ती मला सयाजीगंजात एका खाणावळीच्या मागे सापडली. तिचे भुंकणे लांबलचक, आवेशपूर्ण आणि वस्तुस्थितीशी फारसे नाते नसलेले असते, म्हणून हे नाव. आता ती एका डोळ्याने आंधळी आहे आणि मागच्या डाव्या पायाने लंगडते. गोत्रीतल्या आमच्या सोळा रो-हाऊसांच्या सोसायटीत आम्ही तिघी राहतो: मी, माझ्या दिवंगत थोरल्या भावाची पत्नी शालिनीवहिनी, आणि बखर.

बखरची रोजची घाण प्लास्टिकच्या पिशवीत बांधावी, पालिकेच्या गाडीत द्यावी आणि शहराबाहेरच्या डोंगरावर पुढच्या पाच पिढ्यांसाठी जतन करावी, ही सुसंस्कृत समजली जाणारी पद्धत मला कधीच पटली नाही. परसात मी तीन पिंपे बूड कापून कमरेइतकी खोल पुरली आहेत. रोजच्या घाणीवर दुप्पट लाकडाचा भुसा, वाळका पाला, वर गूळ घातलेल्या आंबट ताकाचा एक हबका. एक पिंप भरले की ते मिटायचे आणि दुसरे उघडायचे. मिटलेले पिंप चौदा महिने कोणी उघडायचे नाही. मी फक्त आठवड्यातून एकदा लांब दांड्याचा तापमापक खुपसून आकडा वहीत लिहायचा. कुत्र्याच्या विष्ठेत जंतांची अंडी असतात आणि ती माणसाच्या कल्पनेपेक्षा चिवट असतात. म्हणून एवढा काळ, आणि एवढ्या काळानंतरही ती माती भाजीला नाही, फळझाडाला नाही. जास्वंद आणि कण्हेर देवाला जातात, म्हणून त्यांनाही नाही. ती फक्त बोगनवेलीला. बोगनवेल अजून कोणत्याही देवाने मागितलेली नाही.

कोरडा माल म्हणून मी आणखी एक गोष्ट वापरते. ज्या संस्थेत मी आयुष्य काढले, तिने हस्तलिखितांची सूची संगणकावर चढवली आणि माझ्या हातची सात हजार कार्डे रद्दीत काढली. मी ती रिक्षात घालून घरी आणली. जाड, चिंध्यांच्या लगद्याची, उत्तम कार्डे होती. संस्थेला त्यांचा उपयोग सुचला नाही, बखरला सुचला.

या व्यवस्थेबद्दल लक्ष्मणरावांनी श्रावणात लेखी तक्रार केली. लक्ष्मणराव रिफायनरीतून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झाले, म्हणजे नोकरी सुटली, अधिकार सुटला नाही. सोसायटीचे सचिवपद त्यांच्याकडे आहे. त्यांचे म्हणणे असे की मी मानवी वस्तीत जैविक घातक पदार्थ साठवते. समितीने मला बोलावले. मी तापमानाची वही ठेवली, आणि रागाच्या भरात, ज्या थंडपणाला लोक माझा संयम समजतात त्या थंडपणाने, एक हमीपत्र लिहून दिले. या पिंपांतील कणभर मातीदेखील माझ्या भिंतीबाहेर जाणार नाही. ती खाण्याच्या वा पूजेच्या कामी लागणार नाही. तसे घडल्यास मी कुत्री सोसायटीबाहेर पाठवीन. अंतिम निर्णय दसऱ्यानंतरच्या रविवारी, सर्वसाधारण सभेत.

सोसायटीबाहेर म्हणजे वाघोडिया रस्त्यापलीकडचे एक आश्रयगृह. मी ते पाहून आले होते. पत्र्याच्या छपराखाली साठ कुत्री. अकरा वर्षांची, एका डोळ्याची, लंगडी बखर तिथे दिवाळी पाहणार नव्हती. आणि आता चार बोटे माती माझ्या भिंतीबाहेर गेलेली होती.

मी पिंपाशी वाकून पाहत असताना कुंपणावरून आवाज आला.

"काय शोधताय, डॉक्टरबाई?"

लक्ष्मणराव फोन उभा धरून माझ्या पिंपाचे छायाचित्र घेत होते.

"पुरावा," मी म्हटले.

"कशाचा?"

"ते तुम्ही सांगाल असं वाटत होतं."

"मी कशाला सांगू? मी रविवारच्या फाइलीसाठी फोटो काढतोय. इन्सिडंट होण्याआधीचं रेकॉर्ड असावं लागतं. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे."

"इन्सिडंट घडवायलाही शिकवायचे?"

"नाही हो. तो आपोआप घडतो. म्हणून तर चौकशी लागते." त्यांनी आणखी एक छायाचित्र घेतले. "झाकण का उघडं आहे? तुमच्या कागदाप्रमाणे ते बंद असायला हवं ना?"

त्यांना झाकण कधी बंद असावे हे तोंडपाठ होते. मी ते लक्षात ठेवले. हा मनुष्य रात्रीतून नमुना नेऊन प्रयोगशाळेत देईल, जंतांचे एखादे अंडे शोधून काढील आणि सभेत ठेवील, हे मला त्या क्षणी इतके स्पष्ट दिसले की त्यात शंकेला जागा उरली नाही. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, की जो निष्कर्ष पहिल्याच वाचनात हाती लागतो, तो खिशात घालू नये. विद्यार्थ्यांना सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात.

मी सापळा लावला. संध्याकाळी झाकणावर रांगोळीची पूड गाळणीतून इतकी बारीक भुरभुरवली की ती धुळीसारखी दिसावी. दुसऱ्या सकाळी पूड विस्कटलेली होती, आणि शेजारच्या फरशीवर एक पांढरे वर्तुळ उमटले होते. वीतभर व्यासाचे. भांड्याच्या बुडाचे. प्रयोगशाळेची बाटली वीतभर रुंद नसते. पाऊलखुणा मात्र नव्हत्या. कोणीतरी त्या ओल्या फडक्याने पुसल्या होत्या आणि फडके पिळून माझ्याच नळावर वाळत घातले होते. चोराच्या या टापटिपीने मी अस्वस्थ झाले. माती आणखी तीन बोटे खाली गेली होती.

कुंपण ओलांडून येणारा मनुष्य माझ्या नळावर फडके वाळत घालणार नाही. म्हणून मी घरातल्या घरात पाहू लागले, आणि जे पाहिले ते मला आवडले नाही.

वहिनी पंचाहत्तरीच्या आहेत. वरचा मजला त्यांचा, खालचा माझा. त्यांच्या देवघरात मी जात नाही, माझ्या पुस्तकांच्या खोलीत त्या येत नाहीत, आणि या करारावर आमचे बरे चालले आहे. बखरला त्या अकरा वर्षांत नावाने हाक मारताना मी ऐकले नव्हते. "ती." फक्त "ती". "ती जिन्यात बसलीय, मला सोवळ्यात ओलांडावं लागतं." त्या आठवड्यात वहिनी सारख्या मागच्या दाराशी दिसत. दोनदा मी त्यांना लक्ष्मणरावांच्या सुनेशी, शलाकाशी, कुंपणावरून हलक्या आवाजात बोलताना पाहिले. मी जवळ गेले की विषय बदलून भोपळ्याच्या घाऱ्यांवर येई. एकदा त्या फाटकाबाहेर पडल्या तेव्हा पदराखाली काहीतरी जड होते.

"काय नेताय, वहिनी?"

"काही नाही ग. तू वाच तुझं."

"जड दिसतंय."

"वय झालं की सगळंच जड दिसतं." चार पावले गेल्यावर त्या वळल्या. "नीरू, त्या सभेला मत प्रत्येक घराला एकच ना ग? की माणशी?"

"घराला एक. का?"

"सहज."

कोणत्याही कारस्थानातला सर्वांत महत्त्वाचा शब्द "सहज" हा असतो. माझी वहिनी आणि लक्ष्मणराव! त्यांना जिना मोकळा हवा होता, यांना कुंपण स्वच्छ हवे होते, आणि दोघांच्या मध्ये एक आंधळी कुत्री येत होती. त्या रात्री मी बखरला माझ्या खोलीत झोपवले आणि दार लावून घेतले. ती दोनदा दार खरवडून वर जायला बघत होती. तेही मी नोंदवले. अर्थ लावला नाही.

घटस्थापनेनंतर चोरी थांबली. एकूण दहा बोटे माती गेली होती. सात दिवस मी रोज मोजत राहिले. बाहेर गरब्याचे कर्णे लागत, सोसायटीतली पोरे चनिया-चोळी आणि केडियात फिरत, आणि मी मिटलेल्या पिंपाशी पट्टी घेऊन उभी असे. कोणीतरी हमीपत्र मोडण्यासाठी लागणारी सामग्री कुठेतरी साठवून ठेवली होती आणि ती रविवारी बाहेर येणार होती.

सातव्या माळेच्या दुपारी शलाका दारात आली. ती गोत्रीतल्याच एका शाळेत शिकवते; बोलते मराठीत, पण वाक्याच्या शेवटी गुजराती "ने" लावल्याशिवाय तिचे समाधान होत नाही.

"आत्या, या ने आमचा घट बघायला. शालिनीकाकूपण आल्यात. अख्खी सोसायटी येऊन गेली, तुम्हीच राहिलात."

मी कोणाचे घट बघायला जात नाही, हे तिला ठाऊक होते. मी गेले ते खानविलकरांच्या घरात काय साठवले आहे ते पाहायला.

लक्ष्मणराव दिवाणखान्यात फाइल घेऊन बसले होते. आतल्या खोलीत चौरंगाशेजारी, जमिनीवर, पत्रावळीत माती पसरून त्यावर घट बसवला होता. वर सात माळा, बाजूला नंदादीप. मराठी घरांत घटाभोवतीच्या मातीत गहू पेरतात आणि नऊ दिवसांत धान जितके उंच येईल तितके त्या घराला ते वर्ष चांगले जाणार असे मानतात. इथले धान वीतभराहून उंच, दाट, गर्द हिरवे होते. शेतातसुद्धा असे येत नाही. वहिनी बाजूला पाटावर बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या कुशल मुत्सद्द्याचे समाधान होते.

"सातव्या दिवशी एवढं!" शलाका म्हणाली. "बाबा तर सगळ्यांना फोटो पाठवतायत."

"आमच्या घरात इतकं कधीच आलं नव्हतं," लक्ष्मणराव बाहेरून म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच मला माणसासारखा वाटला.

मी माती पाहत होते. काळी, मऊ, शेवेसारखी भुगा होणारी. तिच्यात फिकट तांबूस कण होते. भुसा. आणि धानाच्या मुळाशी, पाणी घातल्यामुळे वर आलेला, नखाएवढा एक जाड कपटा होता. मी गुडघ्यांवर बसले. शिसपेन्सिलीचे अक्षर मातीत कुजत नाही. कपट्यावर माझ्या हातचे दोन शब्द होते: "पाठ संदिग्ध."

मी ते कितीदा लिहिले असेल कोण जाणे. जिथे नकलनवीसाने काहीतरी बदलले आहे हे दिसते पण मूळ काय होते ते सांगता येत नाही, तिथे लिहायचे. देवीच्या पायाशी ते मला प्रथमच वाचायला मिळत होते.

माझ्या मनात जे चालले होते ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पहिला विचार भयाचा नव्हता, हिशेबी होता. कपटा उचलून मुठीत धरायचा, धानाची स्तुती करायची, घरी जायचे. दोन दिवसांनी घट उठेल, माती जाईल, हमीपत्र शाबूत, बखर शाबूत. कोणालाही काहीही कळणार नाही. एवढा विचार पुरा होतो न होतो तोच शलाकाची दोन वर्षांची उत्कर्षा दुडदुडत आली, तिने पत्रावळीच्या कडेला मूठ मारली आणि ती मूठ तोंडाकडे नेली.

मी तिचे मनगट धरले. बहुधा जोरात धरले, कारण ती किंचाळली.

"आत्या!"

"हात धू तिचे. साबणाने. नखं घास. आत्ता."

"अहो, माती तर आहे. देवीची."

"ती माती नाही, शलाका. माझ्या दुसऱ्या पिंपातलं खत आहे."

लक्ष्मणराव दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पुढे होऊन नातीला उचलले, मोरीवर नेले आणि तिचे दोन्ही हात घासू लागले. ते हलक्या आवाजात एक ते वीस मोजत होते, आणि वीस झाले की पुन्हा एकपासून. तीनदा. नंतर टॉवेलने प्रत्येक बोट वेगळे पुसून त्यांनी विचारले, "धोका किती?"

"कमी. चौदा महिने झाले आहेत. पण शून्य म्हणणार नाही. तोंडात काही गेलं नाही, मी पाहिलं आहे. आजच्या आधीचं मी पाहिलेलं नाही. डॉक्टरला सांगा, जंतांचं औषध ते देतील."

"माती आली कुठून आमच्याकडे?"

शलाकाने वहिनींकडे पाहिले. "काकूंनी दिली ने. डबा भरून. म्हणाल्या, नीरूची राखलेली काळी माती आहे, कोणाला सांगू नको, ती देत नाही कोणाला."

मी वहिनींकडे वळले. आयुष्यभर मी लोकांच्या चुका अत्यंत सौम्य शब्दांत आणि अत्यंत निर्दयपणे दाखवून दिल्या आहेत. पण मी सुरुवात करण्याआधीच वहिनी पाटावरून उठल्या, चपला पायात अडकवल्या आणि माझ्यापुढे चालू लागल्या.

घरी आल्यावर त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या. बखर वरून लंगडत आली आणि त्यांच्या पायाशी आडवी झाली. वहिनींनी तिला हटकले नाही. जराही आश्चर्य न वाटता त्यांचा हात तिच्या कानामागे गेला. तो हात तिथे पहिल्यांदा जात नव्हता.

"घाण पहिल्या पिंपात टाकतेस ना तू? मी रोज बघते वरून," त्या म्हणाल्या.

"आता पहिल्यात. त्याआधी दुसऱ्यात. तेच पिकतं, वहिनी. चौदा महिन्यांनी ते असं दिसतं."

"मला काय ठाऊक? तू कधी सांगितलंस? त्याच्यावर काय लिहिलं आहेस, जा, वाच."

वाचायला जायची गरज नव्हती. लिहिणारी मीच. पिंपावर सूचीतल्या हस्तलिखिताला द्यावा तसा क्रमांक होता, "ब/२", आणि खाली: "परिपक्व. हात लावू नये."

"हात लावू नये असं लिहिलेलं दिसलं नाही?"

"नीरू, साखरेच्या डब्यावर तू 'हात लावू नये' लिहितेस. फ्रिजमधल्या साईवर लिहितेस. मी जर ते सगळं पाळलं असतं तर पंचवीस वर्षं उपाशी राहिले असते." त्यांनी बखरचा कान उलटून पाहिला. "मी झाकण उघडलं, वास घेतला. पादऱ्याच्या आपल्या शेतात नांगरट झाल्यावर यायचा, तसाच. दरवर्षी तिथून घटाची माती यायची. आता तिथे प्लॉट पडले. बाजारात विकतात ती नुसती रेती. मला वाटलं, नणंदबाईंनी कुठून तरी चांगली माती मिळवून दडवून ठेवलीय, पुस्तकं दडवतात तशी."

"आणि म्हणून खानविलकरांच्या घरी वाटलीत?"

"एकट्या खानविलकरांकडे नाही. आपल्या चारही मराठी शेजाऱ्यांना दिली." त्यांनी बखरच्या कानातली गोचीड काढून पायरीवर चिरडली. "चार मतं आहेत ती. गुजराती लोक आधीच म्हणतात, जवा दो ने, राहू द्या, म्हातारी कुत्री आहे. अडून बसलेत ते आपलेच. घटाची माती ज्याने दिली त्याच्या विरुद्ध कोण हात वर करेल? हिला त्या पत्र्याखाली पाठवायला निघालीस तू, सही करून. मी काहीतरी करायला नको?"

इतके दिवस मी एक कट शोधत होते आणि कट होता. मी फक्त त्याची बाजू चुकीची वाचली होती.

"तुमच्या घटातही तीच?"

"मग! अर्ध्या हातावर धान आलंय." आणि मग, बचावाचे शेवटचे अस्त्र म्हणून: "माती झाली ना तिची? मग ती मातीच. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मी जन्मले. आणि देवीच्या पायाशी सिंह बसतो, तो काय संडासात जातो?"



अंधार पडायच्या आत लक्ष्मणराव आले. बसले नाहीत. डॉक्टरांनी मुलीला औषध दिले होते, काळजीचे कारण नाही म्हणाले होते. बसलेला घट नऊ दिवस हलवत नाहीत, म्हणून त्यांनी घटाभोवती चार खुर्च्या मांडून पिवळी-काळी पट्टी बांधली होती. रिफायनरीतून निवृत्त होताना ती पट्टी त्यांनी आणली होती, हे मला तेव्हा कळले. भेटीला येणाऱ्यांना नंदादीपाचा चटका बसू नये म्हणून, असे ते सांगत होते.

"डॉक्टरबाई, हे आपल्या दोघांत राहावं. मी तक्रार मागे घेतो. उद्याच पत्र देतो. पिंपं ठेवा, कुत्री ठेवा."

"आणि बाकीची तीन घरं?"

"तिथे लहान मुलं नाहीत."

"दसऱ्याला धान उपटतील. केसांत माळतील, टोपीत खोवतील, नातवंडांच्या हातात देतील. त्याच हातांनी श्रीखंड-पुरी खातील."

"धुतात हो लोक हात."

"तुम्ही साठ आकडे मोजलेत."

त्यांनी खिशातून फोन काढला. मग म्हणाले, "अख्ख्या सोसायटीला मी त्या धानाचे फोटो पाठवलेत. रिफायनरीतल्या ग्रुपवर पाठवलेत. त्यांना मी काय सांगू?"

म्हणजे हा मनुष्य मला बखर देत होता आणि त्या बदल्यात माझ्याकडून मौन मागत होता. सौदा उत्तम होता. माझ्या संस्थेत याहून स्वस्तात लोकांनी मौन विकलेले मी पाहिले आहे, आणि त्यांच्याबद्दल माझे मत मी लपवलेले नाही. मी त्यांना उद्या सांगते म्हटले. खोटे होते, तेव्हाच ठरले होते. फक्त बखरच्या समोर ते उच्चारवेना.

आठव्या माळेच्या सकाळी मी तिन्ही घरांत जाऊन सांगितले. वहिनी बरोबर होत्या. "दिली मी, सांगणारही मीच," असे म्हणून त्या प्रत्येक दारात माझ्या आधी बोलायला लागत आणि सिंहापर्यंत पोहोचत. मग मला मध्ये पडावे लागे. एका घरात दार आमच्या तोंडावर लावले गेले. एका घरात चहा मिळाला. तिसऱ्यात वृद्ध गृहस्थांनी सारे ऐकून एवढेच विचारले, "पण गव्हाला खत कुठलं घालतात, बाजारातल्या?" आणि त्यांच्या पत्नीने त्यांना आत पाठवले.

रविवारी सभा झाली. माझे हमीपत्र लक्ष्मणरावांनी स्वतः वाचले, एकेक विराम पाळून. मी उभी राहून सांगितले की माझ्या हमीचा भंग झाला आहे, माती माझ्या भिंतीबाहेर गेली आणि पूजेला लागली, आणि चूक देणारीची नाही, लेबल लिहिणारीची आहे. घाण या शब्दाची मला लाज वाटली म्हणून मी तिथे क्रमांक लिहिला. इतके बोलून बसले.

मग वहिनी उठल्या. "बखरला पाठवायचं तर गाडीत दोन जागा ठेवा," त्या म्हणाल्या. "मीही जाते. पत्र्याखाली मला सवय आहे, लहानपणी आमचं घर पत्र्याचंच होतं."

त्यांनी तिचे नाव घेतले होते. मी ते वहीत लिहिले नाही, पण ऐकले.

अध्यक्ष हसमुखभाई घाईने म्हणाले, "अरे बेन, बेसो ने, कोणी कोणाला पाठवत नाही." तेवढ्यात लक्ष्मणरावांनी एक ठराव पुढे केला. तो त्यांनी आधीच टाइप करून आणला होता. कुत्री राहील. खतनिर्मिती बंद. पिंपे मिटवावीत. यापुढे कुत्रीची विष्ठा दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रोज सकाळी पालिकेच्या गाडीत द्यावी. स्वच्छ व शास्त्रीय पद्धत. एकमताने मंजूर. माझा हातही वर गेला. त्यापुढे काय मतप्रदर्शन करायचे, बखर जिवंत होती.

आता मी रोज सकाळी दुहेरी पिशवी बांधते. काळ्या, चकचकीत, मजबूत पिशव्या आहेत. बांधणाऱ्याच्या पाचव्या पिढीपर्यंत टिकतील अशी त्यांची ख्याती आहे.

एक गोष्ट राहिली. घट उठल्यावर त्यातली माती तुळशीत घालतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. या मातीचे काय करायचे, ते कोणालाच सुचेना. देवी तिच्यावर नऊ दिवस बसली होती, म्हणून ती कचऱ्यात टाकवेना. आणि ती कुठून आली हे कळले होते, म्हणून ती तुळशीतही घालवेना. शेवटी त्या आठवड्यात एकेक घर घमेले घेऊन माझ्या मागच्या दाराशी आले, माती ठेवून परत गेले. मी ती दुसऱ्या पिंपात परत भरली, पट्टीने मोजली आणि पिंप कायमचे मिटवायला घेतले.

दोन बोटे कमी होती. वहिनींच्या घटाची माती मी स्वतः उतरवली होती. तीन घमेली बाहेरून आली होती. चौथे आले नव्हते.

मी लक्ष्मणरावांच्या फाटकाशी गेले. ते नळीने फरशी धूत होते.

"तुमचं घमेलं राहिलं," मी म्हटले.

"आमचं विसर्जन झालं."

"कुठे?"

"रीतसर."

फाटकाच्या कमानीवर त्यांची मधुमालती आहे, दोन वर्षे मरतुकडी. तिच्या बुंध्याभोवती काळ्या, मऊ मातीचे नेटके आळे केलेले होते, आणि त्यातून नखाएवढा एक पांढरा कोपरा वर आला होता. लक्ष्मणरावांची नजर माझ्या नजरेमागे तिकडे गेली. नळीचे पाणी त्यांच्या पायावर वाहत राहिले.

"ही देवाला चालत नाही ना?" मी विचारले.

"कोण, मधुमालती? नाही. आमच्याकडे नाही वाहत."

"मग पाणी बेताने घाला," मी म्हटले. "आणि उत्कर्षाला तीन महिने इकडे खेळू देऊ नका."

त्यांनी मान हलवली. मी वळले तेव्हा ते आत जाऊन पिवळ्या-काळ्या पट्टीचे भेंडोळे घेऊन येत होते.